चिरूट वळणारे श्रोते

चिरूट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक तर मद्रासेकडचा म्हातारा उभा राहतो, नाही तर चित्रपटातला गिरणीमालक. शब्द तामिळातल्या ‘सुरुट्टु’वरून आलेला, अर्थ गुंडाळी. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची कीर्ती एके काळी एवढी होती की, १८८७ साली शेरलॉक होम्सने आपल्या पहिल्याच कथेत तो नुसत्या राखेवरून ओळखला. पण मला आज सांगावयाचे आहे ते त्याच्या दूरच्या, श्रीमंत भावंडाविषयी, म्हणजे हवानाच्या चिरुटाविषयी. तो हातांनी वळतात हे पुष्कळांना माहीत असते. तो वळला जात असताना कारखान्यात मोठ्याने कादंबरी वाचली जात असते, हे फारसे कुणाला माहीत नसते.

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे. उत्तम तंबाखू तिथली. एकाच झाडाची पाने, पण त्यांचे स्वभाव निराळे. बुडाकडची पाने चटकन पेटतात, मधली सुवास देतात, आणि शेंड्याकडची, ऊन खाल्लेली पाने जहाल असतात व सावकाश जळतात. ह्या तिघांचे प्रमाण जमवणे हीच सारी विद्या. शेंड्याचे पान वाढवले की चिरूट कडक होतो, कमी केले की सौम्य. गाभ्याची ही पाने एका पानात बांधतात आणि वरून आणखी एक नितळ, रेशमी पान गुंडाळतात. हे वरचे पान उन्हाने रापू नये म्हणून ती झाडे कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. लाडाकोडाची लेक जशी!

मध्यम जातीचा म्हणून नावाजलेला चिरूट म्हणजे ‘रोमिओ इ हुलिएता’. १८७५ सालचा हा छाप. त्यातला ‘चर्चिल’ नावाचा मोठा चिरूट, लांबी १७८ मिलिमीटर, माझ्या भाच्याने परदेशाहून येताना आणला. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा व्यसन म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून तो मी ओढला. आधी बोटांनी दाबून पाहावयाचे: कुठे पोकळ नको, कुठे गाठ नको. मग टोक कापून, न पेटवताच एक झुरका घ्यावयाचा. हवा सुखाने आली पाहिजे. ज्योत लांब धरून, फिरवीत फिरवीत पेटवावयाचा. धूर छातीत न्यावयाचा नाही; तो तोंडातच घोळवून सोडावयाचा, तोही मिनिटाला एकदा. घाई केली की चिरूट तापतो आणि कडवटतो. पहिल्या तिसऱ्या भागात मला जुन्या लाकडी पेटीचा वास आला, दुसऱ्यात भाजलेल्या कॉफीचा आणि मागून मिरीचा हलका झणका. शेवटचा भाग जड झाला. तो मी सोडून दिला. राख इंचभर टिकली, जळण सरळ राहिले. मध्यम म्हणजे मिळमिळीत नव्हे, हे मला मधल्या भागाने पटवले. सौ. मात्र तासभर गॅलरीचे दार लावून बसली होती. तिचा अभिप्राय छापण्याजोगा नाही.

ओढणारा अशी चिरुटाची परीक्षा करतो. वळणारे कामगार परीक्षा करीत ती वाचकाची. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात ही प्रथा सुरू झाली. वळणाऱ्याचे हात गुंतलेले, कान मोकळे. आणि पुष्कळांना अक्षरओळख नाही. तेव्हा त्यांनी आपल्यातल्या एकाला वाचावयास बसवले, आणि त्याची मजुरी आपल्या खिशातून भरली. आपल्याकडे चातुर्मासात देवळात पोथी लावतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पोथी कोणती लावावयाची ते इथे श्रोते मत देऊन ठरवीत. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. वाचन रंगले की पान कापण्याची पाती फळीवर आपटून दाद द्यावयाची. १९३५ साली निघालेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ चिरुटाचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले; कामगारांना ती फार आवडे म्हणून, असे सांगतात.

सरकारला हे रुचण्यासारखे नव्हतेच. १८६६ सालीच स्पॅनिश गव्हर्नराने कारखान्यांतल्या वाचनावर बंदी घातली. ऐकणारा माणूस विचार करू लागतो, ही भीती निराधार नव्हती. १८६८ साली स्वातंत्र्ययुद्ध पेटले, आणि कितीतरी कामगार समुद्र ओलांडून फ्लोरिडात गेले. वाचकाची खुर्चीही त्यांच्याबरोबर गेली. १८९१ साली होसे मार्ती टँपा गावी ह्याच लोकांपुढे बोलला. त्यांनी मजुरीतला वाटा काढून स्वातंत्र्याचा फंड भरला. १८९५च्या उठावाचा हुकूम एका चिरुटात गुंडाळून क्यूबात पोचवला, अशी आख्यायिका आहे. तो चिरूट मात्र कुणी ओढला नसावा.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एक तरुण इंग्रज अधिकारी तो उठाव पाहावयास क्यूबात उतरला, आणि स्पॅनिश फौजेबरोबर हिंडला. एकविसावा वाढदिवस त्याने तिथेच काढला. विन्स्टन चर्चिल त्याचे नाव. ज्या मजुरांनी पै-पै जमवून बंड उभे केले, त्यांच्याच वारसांनी पुढे त्याच्या नावाचा चिरूट वळावा, ह्यात इतिहासाचा खट्याळपणा मला दिसतो.

टँपात १९३१ साली मालकांनी वाचकांना काढून टाकले. ते कामगारांना बंडखोरीचे वाचून दाखवतात, ही तक्रार. कामगारांनी संप केला, पण वाचक परतले नाहीत. रिकाम्या व्यासपीठांच्या जागी रेडिओ आले. रेडिओला पाती आपटून दाद देण्यात काय अर्थ? क्यूबात मात्र वाचन टिकले. हवानाच्या कारखान्यात आजही वाचक उंच खुर्चीवर बसतो, आणि एक कादंबरी संपत आली की दुसरीसाठी मते घेतली जातात.