दहा शिलिंगांची खेळाडू

हातातलं काम चालू राहू द्या, ऐकता ऐकता होईल.

आज एक जुनी आणि लांबची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात आपल्याच गावातून करते. गेल्या यात्रेत आमच्या ग्रामसंघानं पिठलं-भाकरीचा स्टॉल लावला होता. नफ्यातला वाटा शाळेच्या पाण्याच्या टाकीला द्यायचा, असा ठराव होता. पैसे दिले, पावती घेतली. तरी ग्रामसभेत एक जण उठले आणि म्हणाले, "एवढी गर्दी होती, मग शाळेला एवढेच? बाकीचे कुठं गेले?" आमच्या सचिवताईंनी वही वाचली. टेम्पोचं भाडं, गॅस, पीठ, आणि पहाटे चारपासून राबणाऱ्या सहा बायकांची मजुरी. मजुरीचा आकडा ऐकताच ते म्हणाले, "चांगल्या कामाला आला होता ना? मग मजुरी कशाची?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि आठवली ती लिली पार.

माझा बी.ए.ला इतिहास होता, पण लिली त्यात नव्हती. लेकीच्या शाळेत मुलींची फुटबॉलची टीम झाली, तेव्हा तिला सांगायला म्हणून शोधताना ही बाई मला भेटली.

लिली 1905 साली इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावात जन्मली. काचेच्या कारखान्यांचं गाव. वडील मजूर, घरात सात भावंडं. भावांबरोबर मोकळ्या जागेत खेळता खेळता तिचा पाय तयार झाला. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, पावसात भिजला की दगडासारखा जड. तो ही पोर लांबून गोलात मारायची.

1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुरुष सैन्यात गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन शहरात डिक, कर नावाची कंपनी होती. ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवणारी ही कंपनी आता दारूगोळा बनवू लागली. काम जोखमीचं, तास लांब. जेवणाच्या सुट्टीत बायका आवारात चेंडू खेळायच्या. ऑफिसातल्या आल्फ्रेड फ्रँकलंड या माणसानं ते पाहिलं आणि टीम बांधली. 1917 च्या नाताळच्या दिवशी त्यांनी पहिला मोठा सामना खेळला, जखमी सैनिकांच्या इस्पितळाला मदत म्हणून. बघायला 10,000 माणसं आली.

लिली या टीममध्ये आली 1920 साली, पंधराव्या वर्षाच्या आसपास. तिला कारखान्यात काम मिळालं, राहायला टीममधल्याच एका मुलीच्या घरी जागा मिळाली, आणि दर सामन्याला 10 शिलिंग. तेव्हा 20 शिलिंगांचा एक पौंड व्हायचा, म्हणजे अर्धा पौंड. सामन्यासाठी बुडणाऱ्या मजुरीची ती भरपाई. लिली उंच, जवळजवळ सहा फूट. मैदानाच्या डाव्या बाजूनं चेंडू घेऊन निघायची आणि डाव्या पायानं मारायची. पहिल्याच हंगामात तिचे 43 गोल झाले.

त्याच वर्षी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर सामना झाला. समोर लिलीच्याच गावची, सेंट हेलेन्सची टीम. आत 53,000 माणसं, आणि आत जागा नाही म्हणून हजारो बाहेर उभी. गंमत अशी, की टीमची मुख्य गोल करणारी फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडी चुकली. मग हाफ टाइमनंतर कॅप्टन ॲलिस केल मागची जागा सोडून पुढं खेळली आणि तिनं तीन गोल मारले. सामना 4-0 नं जिंकला. धर्मादाय कामासाठी 3,000 पौंडांहून जास्त रक्कम जमली.

1921 साली या बायकांनी 67 सामने खेळले. कारखान्याची पाळी सांभाळून! कधी इस्पितळासाठी, कधी सैनिकांसाठी. त्याच वर्षी कोळसा खाणींतले कामगार आणि मालक यांच्यात मोठा झगडा झाला, खाणी बंद पडल्या, घरं उपाशी राहिली. तेव्हा महिलांच्या टीमनी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठीही सामने खेळून पैसा उभा केला. हे मोठ्या लोकांना खुपलं असावं, असं काही इतिहासकार म्हणतात. शिवाय युद्ध संपलं होतं. पुरुष परत आले होते, आणि बायकांनी आता घरी जावं असं सगळीकडं ऐकू येऊ लागलं होतं.

5 डिसेंबर 1921. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला. आपल्या कुठल्याही क्लबनं बायकांना मैदान द्यायचं नाही. कारणं दोन. पहिलं, हा खेळ बायकांना शोभत नाही. आणि दुसरं कारण, मैत्रिणींनो, नीट ऐका. सामन्यांच्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादाय कामाला पुरेसा पोचत नाही.

म्हणजे काय, तर हिशेब.

त्याच मैदानांवर पुरुष पगार घेऊन खेळत होते आणि त्यात कुणाला वावगं दिसत नव्हतं. बायकांच्या 10 शिलिंगांवर मात्र बोट ठेवलं गेलं. मजुरी बुडवून, प्रवास करून यायचं, तर भाडं कोण देणार? घरातली चूल कशावर पेटणार? हे कुणी विचारलं नाही. 53,000 माणसं जमवणारी टीम एका ठरावानं साध्या माळरानांवर आणि दुसऱ्या खेळांच्या मैदानांवर गेली.

पण खेळ थांबला नाही. 1922 साली ही टीम बोटीनं अमेरिकेच्या बाजूला गेली. कॅनडानं खेळू दिलं नाही, तेव्हा अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या टीमशी सामने केले आणि काही जिंकलेही. पुढं कंपनीशी संबंध तुटला, टीमचं नाव प्रेस्टन लेडीज झालं. लिलीनं प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात नर्सची नोकरी धरली. ड्यूटी करायची आणि सुट्टीला खेळायचं, असं तिनं 1951 पर्यंत केलं. म्हणजे तीस वर्षांवर. तिचे गोल नऊशेच्या वर होते असं सांगितलं जातं. जोडीदार मेरीबरोबर तिनं घर केलं. साठी ओलांडल्यावर तिला स्तनाचा कर्करोग झाला, मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरही ती दहा वर्षं जगली. 1978 साली ती गेली.

बंदी उठायला 1971 साल उजाडलं. पन्नास वर्षं! लिली तेव्हा 66 वर्षांची होती. संघटनेनं माफी मागितली 2008 साली, ती ऐकायला लिली नव्हती. 2002 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयानं मानाच्या खेळाडूंची पहिली यादी केली, त्यात बाई एकच, लिली पार. 2019 पासून मँचेस्टरला त्या संग्रहालयात तिचा ब्राँझचा पुतळा आहे.

लेकीला ही गोष्ट सांगितली, तर तिनं विचारलं, "आई, मग आता खेळायचे पैसे मिळतात का?" मिळतात, बाळा. मणिपूरची बाला देवी, आपल्या देशाची गोल मारणारी खेळाडू, 2020 साली स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबमध्ये करारावर गेली आणि त्याच डिसेंबरात तिथं तिनं गोलही केला. तिच्या खेळाचे पैसे करारात लिहिलेले होते. लिलीच्या 10 शिलिंगांवर शंका घेतली गेली होती.

आता आमच्या ग्रामसभेचं सांगते. पुढच्या बैठकीत मी लिलीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. आमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या, "जाऊ दे, मजुरी सोडून देऊ, तोंडं तरी बंद होतील." तेव्हा आमच्या सर्वांत वयस्कर आक्का बोलल्या, "आज मजुरी सोडली तर उद्या टेम्पोचं भाडंही आपल्याच पदरचं म्हणतील." सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही ठरावाची वही उघडली आणि लिहिलं: यंदाच्या यात्रेत स्टॉलवर काम करणाऱ्या प्रत्येक बाईला दिवसाची मजुरी मिळेल, ती खर्चात धरली जाईल, उरलेल्या नफ्यातला वाटा गावाला. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घेतले. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर यात्रेच्या आधीच लावणार आहोत.

तुमच्या गटाच्या वहीत मजुरीचा रकाना आहे का? नसेल तर येत्या बैठकीत आखून घ्या. आणि तुमच्या गावात मुलींना चेंडू खेळायला जागा आहे का, तेही त्याच बैठकीत विचारा.