समुपदेशन, अल्प व दीर्घ मुदतीचे

सौम्य नैराश्य व चिंताविकार यांवर बोलण्यातून होणाऱ्या उपचारांचे मुदतीनुसार दोन प्रकार. अल्प मुदतीत साधारणतः सहा ते वीस बैठका होतात. दीर्घ मुदतीचा उपचार तीन वर्षेही चालतो. सौम्य लक्षणांत सुरुवात अल्प मुदतीने करावी, हे मत उपलब्ध पुराव्यावर टिकणारे आहे. याविरुद्ध हेलसिंकी येथील ३२६ रुग्णांच्या अभ्यासाकडे बोट दाखवले जाते. त्यात पहिल्या वर्षी अल्प उपचाराने लवकर उतार पडला, तिसऱ्या वर्षाअखेर मात्र दीर्घ उपचार सरस ठरला. पण त्या रुग्णांचा त्रास वर्षाहून जुना होता व कामात अडथळा आणणारा होता. नुकत्याच सुरू झालेल्या सौम्य त्रासाला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

गोव्यातील पुरावा अधिक जवळचा आहे. ‘संगाथ’ संस्थेने विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या संशोधनातून तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ची चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी ३० ते ४० मिनिटांच्या सहा ते आठ बैठका घेतल्या. रुग्णाने टाळलेली, पण मनाला उभारी देणारी कामे पुन्हा सुरू करणे, हा या पद्धतीचा गाभा. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. नेहमीच्याच उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. परिणाम टिकत नाही, हा आक्षेप वर्षानंतरच्या ६३ व ४८ टक्के या आकड्यांपुढे दुबळा पडतो, जरी अंतर कमी झाले हे खरे. शिवाय हे रुग्ण सौम्य नव्हे, तीव्र नैराश्याचे होते, तरीही अल्प उपचार त्यांना लागू पडला. तुलना दीर्घ उपचाराशी नव्हती, हे ध्यानात ठेवावे; पण आपल्याकडे बहुसंख्य रुग्णांपुढे ‘अल्प की दीर्घ’ हा प्रश्नच नसतो, ‘काही तरी की काहीच नाही’ हा असतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेले. बारा महिने थांबून मगच सुधारणा मोजणाऱ्या चर्चेपेक्षा हे यश मोलाचे आहे.

माळव्यात, इंदूर-भोपाळ मार्गावरील सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हाच गोव्यातील उपचार शिकवला गेला, काहींना वर्गात तर काहींना मोबाइलवरून.

चिंताविकार : ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शिकेत आधी मार्गदर्शित स्वमदत, मग बैठका असा क्रम आहे.

सहा-आठ बैठकांनंतरही उतार नसेल, तर दीर्घ उपचार किंवा औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी टेली-मानसची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.