कॅमशाफ्ट बदलायचाय? आधी ऑइलचं गणित बघा

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्यावरचे अंड्यासारखे उंचवटे म्हणजे लोब. लोब फिरला की लिफ्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टॅपेट, वर ढकलला जातो आणि व्हॉल्व्ह उघडतो. फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमवर असेल, तर कॅम 3000 वर फिरतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो!

परफॉर्मन्स कॅमचा लोब सहसा जास्त उंच असतो आणि स्प्रिंगही कडक लागते. त्यामुळे लोब आणि टॅपेटमध्ये घर्षण वाढतं. दोघांच्या मध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर. तो तुटला की लोब झिजतो आणि त्याचा चुरा ऑइलमधून सगळीकडे फिरतो.

कुठला लिफ्टर?

- सॉलिड: साधा, जास्त आरपीएमला चांगला. पण टॅपेट सेटिंग वेळोवेळी करावं लागतं. जुन्या कास्ट-आयर्न बुलेटमध्ये हाच असायचा.
- हायड्रॉलिक: ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरतो. 2009 च्या क्लासिक 350 चं यूसीई इंजिन याच प्रकारचं. ऑइल कमी किंवा घाण असेल तर टकटक आवाज येतो.
- रोलर: टोकाला छोटं चाक, त्यामुळे घर्षण कमी. पण महाग.

आपल्या रस्त्यांवर काय होतं?

समजा, रोज उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर ट्रॅफिक आणि रविवारी माळशेज. एअर-कूल्ड बाईक जॅममध्ये उभी असली की वारा लागत नाही, ऑइल तापून पातळ होतं. त्यात ऑइल पंप इंजिनावरच चालतो, म्हणून आयडलला तोही हळू फिरतो. नेमका तेव्हाच दाब सगळ्यात कमी! अशा वापराला फार उंच लोबचा कॅम परवडत नाही. मध्यम कॅम घ्या.

पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं आणि बाईक बुडाली, तर सेल्फ मारू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

कॅम बसवण्याआधी

1. कॅम, लिफ्टर आणि स्प्रिंग एकमेकांना जुळणारे घ्या. नव्या कॅमवर जुने घासलेले टॅपेट लावू नका.
2. पंप, गाळणी आणि ऑइलची भोकं साफ करून घ्या.
3. लोबवर असेंब्ली लूब लावा. पहिल्या स्टार्टआधी ऑइल वर हेडपर्यंत पोहोचतंय याची मेकॅनिककडून खात्री करून घ्या.
4. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल टाका. वेट क्लच असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए2 बघा. कारचं ऑइल टाकलं तर क्लच स्लिप होऊ शकतो.
5. वॉरंटी चालू असेल तर ती जाऊ शकते, आधी विचारा.

बजेट कमी असेल तर कॅम पुढे ढकला, ऑइल पंप आणि फिल्टर आधी. कॅम नंतरही घेता येतो, पण झिजलेला लोब परत भरून येत नाही.