रिकामी पुंगळी

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवणाऱ्या मुलाला जळलेली टिकली टाकून द्यावयाची असते, हे कोणी शिकवावे लागत नाही. छर्‍याच्या बंदुकीचे मात्र तसे नाही. बार उडाला, दारू जळाली, छर्रे गेले, तरी एक वस्तू मागे उरते. ती म्हणजे पुंगळी. ती पुन्हा भरावी की टाकून द्यावी, आणि भरावयाची तर ढिगातून कोणती उचलावी, या प्रश्नापायी युरोप-अमेरिकेतील शिकारी व नेमबाज दीडशे वर्षे डोके शिणवीत आले आहेत. मला हा प्रश्न मोठा मौजेचा वाटतो. कारण त्याच्या पोटात बंदुकीचा निम्मा इतिहास दडलेला आहे.

मुळात ‘काडतूस’ हा शब्दच पाहा. तो आपल्याकडे पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून आला असे मानतात, आणि त्या शब्दाचे मूळ आहे कागद! ठासणीच्या बंदुकीच्या काळी काडतूस म्हणजे दारू व गोळी बांधलेली कागदाची पुडीच असे. शिपायाने ती दातांनी फाडावयाची, दारू नळीत ओतावयाची आणि गोळी गजाने ठासावयाची. गोळी सहज सरकावी आणि कागद ओलसर हवेत टिकावा म्हणून त्याला चरबी लावीत. त्या चरबीने १८५७ साली काय घडवले ते वाचकांना सांगावयास नको. या पुडीत मागे उरण्यासारखे काही नव्हतेच. पुन्हा भरण्याचा प्रश्नही नव्हता.

तो उद्भवला बंदूक मागून भरू लागल्यावर. पॅरिसमध्ये कारखाना काढून बसलेल्या पाउली या स्विस कारागिराने १८१२ साली धातूचा तळ असलेल्या आणि तळाशीच ठिणगीची सोय असलेल्या काडतुसाचे पेटंट घेतले. पण नेपोलियनच्या लढायांच्या धामधुमीत त्याच्या कल्पनेचे चीज झाले नाही. पुढे लफोशो या फ्रेंच बंदूकवाल्याने कागदी नळकांडे, पितळी बूड आणि बुडाच्या कडेतून वर डोकावणारी एक टाचणी असे काडतूस रूढ केले. घोडा टाचणीवर पडे, टाचणी आतल्या टोपीवर आपटे आणि बार उडे. १८५१ साली लंडनच्या प्रचंड प्रदर्शनात त्याची बंदूक मांडली होती. इंग्रज बंदूकवाल्यांनी आधी नाके मुरडली आणि मग तिच्या नकला केल्या.

येथून घरबसल्या काडतुसे भरण्याची कला सुरू झाली. टेबलाच्या कडेला एक छोटे यंत्र आवळून बसवीत. पुंगळीत दारू, नमद्याचा बोळा, छर्रे व वर एक पुठ्ठ्याची चकती घातली, की त्या यंत्राचा दांडा फिरवून पुंगळीची तोंडाकडची कड आत वळवावयाची. करंजीला मुरड घालावी तसाच तो प्रकार! परंतु झाडलेल्या पुंगळीतील टाचणी उपसून नवी टोपी आत बसवणे हे किचकट काम होते, आणि जोखमीचेही. टोप्यांमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट असे, आणि ते कोणाचीही भीड ठेवीत नसे. लंडनचे नामांकित काडतूसवाले विल्यम इली हे १८४१ साली याच द्रव्याच्या स्फोटात मरण पावले होते.

१८६० नंतर टोपी बुडाच्या मध्यभागी आली आणि टाचणीची ब्याद गेली. टोपी बसवण्याच्या दोन तऱ्हा १८६६च्या सुमारास निघाल्या: एक इंग्रज अधिकारी बॉक्सर याची, दुसरी अमेरिकन बर्डन याची. बॉक्सरच्या तऱ्हेत जुनी टोपी आतून सुई घालून सहज पाडता येते. बर्डनच्या तऱ्हेत ते कष्टाचे. नियतीचा विनोद असा, की इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याचा छंद एवढा फोफावला, याचे बरेचसे श्रेय मी या अदलाबदलीला देतो.

आता निवडीकडे वळू. पितळेची सबंध पुंगळी सर्वांत दीर्घायुषी. परंतु तिची भिंत पातळ, म्हणून आतला पोकळ भाग मोठा. बारा बोअरच्या पुंगळीला बारा बोअरचा बोळा सैल पडतो, त्याहून मोठा घ्यावा लागतो. (बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी जिच्यात बरोबर बसेल ती नळी.) कागदी पुंगळी मेणात भिजवलेली असे, तरी दमट हवेत फुगे आणि बंदुकीत शिरेनाशी होई. भरणारा माणूस ती उजेडासमोर धरून पाही: पितळी बुडाच्या जरा वर टाचणीएवढी भोके जळलेली दिसली, की तिचे आयुष्य संपले. पितळी दिसणारे बूडही कैकदा मुलामा दिलेले पोलादच असते; ते चुंबकाला लगेच कबुली देते.

१८८० साली सिनसिनाटीच्या लिगॉव्स्कीने मातीच्या कबुतराचे पेटंट घेतले आणि जिवंत पाखरांऐवजी उडत्या चकत्यांवर नेम धरण्याचा खेळ पसरला. एका फेरीला पंचवीस चकत्या. म्हणजे हौशी माणसाची दिवसाला शंभर काडतुसे सहज उडावयाची. तेव्हा जमिनीवर पडलेली पुंगळी वेचणे हे कंजूषपणाचे लक्षण राहिले नाही.

१९६० साली रेमिंग्टन कंपनीने प्लास्टिकची पुंगळी बाजारात आणली आणि ओलाव्याचा प्रश्न मिटला. १९६५ साली विंचेस्टरची ‘एए’ पुंगळी निघाली. तिची भिंत व तळ एकाच प्लास्टिकच्या गोळ्यातून दाबून घडवलेले असत. पुनःपुन्हा भरणाऱ्यांची ती लाडकी झाली. पुढे कंपनीने तळ वेगळा बसवण्यास सुरुवात केली. वरून पाहावे तर तीच पुंगळी, नाव तेच. आतली पोकळी मात्र निराळी.

आणि येथेच सारी मेख आहे. बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्यांत तेवढीच दारू घातली, तरी आतला दाब सारखा राहत नाही. एकीत जो बार सुरक्षित, तो दुसरीत नळीला झेपेलच असे नाही. म्हणून जाणता माणूस पुंगळ्या आधी घराण्यावार वेगळ्या करतो, मग आत डोकावून तळ पाहतो. तोंडाच्या घड्या मोजतो, कारण आठ घड्यांच्या पुंगळीला सहा घड्या घातल्या की ती नीट मिटत नाही. घडीवर चीर दिसली की ती कचऱ्यात. स्वस्त मिळाल्या म्हणून निरनिराळ्या जातींच्या पुंगळ्या एकत्र भरणाऱ्यास मी काटकसरी म्हणणार नाही.

आपल्याकडे ही घरगुती कला म्हणून रुजली नाही. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बारा बोअरची काडतुसे तेथेही तयार होत आली. १९५९चा शस्त्र कायदा १९६२पासून अमलात आला, आणि परवान्यावाचून काडतुसे बनवणे हा त्याने गुन्हा ठरवला आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचेही दिवस संपले, ते बरेच झाले.

प्लास्टिक आले तरी कागद मात्र मेला नाही. फेडरल या अमेरिकन कंपनीने कागदी पुंगळ्यांची काडतुसे एकविसाव्या शतकातही विकली. ती घेणारे नेमबाज ओलाव्याचा तोटा जाणून असतात. पण बार उडाल्यावर नळीतून जळक्या मेणाचा जो वास येतो, तो प्लास्टिकला येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.