गोल्फमधील शिष्टाचार

गोल्फ खेळताना सहखेळाडू, मागून येणारे खेळाडू आणि मैदान यांच्याबाबतीत पाळावयाच्या संकेतांना गोल्फमधील शिष्टाचार म्हणतात. क्रिकेट वा फुटबॉल यांत पंच सतत जवळ असतो. गोल्फमध्ये सामान्यतः तो नसतो. खेळाडू विस्तीर्ण मैदानावर विखुरलेले असतात आणि झुडपात गेलेल्या चेंडूपाशी बहुधा ज्याचा चेंडू तोच पोहोचतो. तेथे काय घडले, हे त्याच्याच शब्दावर मानावे लागते. त्यामुळे शिष्टाचार हा या खेळाचा केवळ अलंकार नसून त्याच्या न्यायव्यवस्थेचा भाग आहे.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वाळूमिश्रित गवताळ माळरानांवर हा खेळ वाढला. सेंट अँड्रूज येथील माळावर गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क १५५२ च्या सनदेने मान्य झाला होता. अशा सामाईक जागेत इतरांना सांभाळून खेळणे भागच होते. एडिंबरो नगराने चांदीची गोल्फकाठी बक्षीस म्हणून ठेवली, तेव्हा १७४४ मध्ये लीथ येथील खेळाडूंनी त्या स्पर्धेसाठी तेरा नियम लिहिले; उपलब्ध नियमांत ते सर्वांत जुने होत. जॉन रॅट्रे हा शल्यवैद्य त्या स्पर्धेत विजयी झाला. ज्याचा चेंडू खळीपासून सर्वांत दूर त्याने प्रथम खेळावे, दोन चेंडू एकमेकांस टेकले असता पुढचा उचलून मागच्यास वाट द्यावी, असे त्यांतील काही नियम आहेत. यांत कायदा कोठे संपतो व सौजन्य कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला, पुढे रेल्वेमुळे किनाऱ्यावरची मैदाने जवळ आली आणि खेळाडूंची संख्या वाढली. परंपरेने अंगवळणी पडलेले संकेत नवख्यांसाठी लिहून ठेवणे आवश्यक ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नियमसंहितेला शिष्टाचाराचे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले.

नवशिक्याने पाळावयाच्या गोष्टी थोड्या व सकारण आहेत. दुसरा टोला मारीत असताना बोलू नये, हालू नये, त्याच्या चेंडूवर वा खेळण्याच्या रेषेवर आपली सावली पडू देऊ नये. पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याखेरीज टोला मारू नये. चेंडू कोणाच्या अंगावर जात असल्यास तत्काळ ‘फोर’ अशी आरोळी द्यावी. काठीने उखडलेला गवताचा तुकडा जागेवर बसवावा, वाळूच्या खड्ड्यातील पाऊलखुणा दाताळ्याने मिटवाव्यात, हिरवळीवर चेंडूने पडलेला खळगा बुजवावा. संथ खेळणाऱ्यांनी मागच्या जलद गटास पुढे जाऊ द्यावे. नवख्याच्या चुकलेल्या टोल्यांचा कोणास फारसा त्रास होत नाही. त्याच्या रेंगाळण्याचा मात्र होतो.

या परंपरेचे प्रसिद्ध उदाहरण १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेतील आहे. उंच गवतात बॉबी जोन्सचा चेंडू किंचित हालला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते आणि पंचांनीही निर्णय त्याच्यावरच सोपविला. त्याने स्वतःवर एक टोल्याचा दंड लावून घेतला. अखेरीस त्याची विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि निर्णायक सामन्यात तो एका टोल्याने हरला.

शिष्टाचाराच्या नावाखाली क्लबांनी पोशाख आणि सभासदत्व यांविषयीही निर्बंध घातले. त्यांचा खेळातील सचोटीशी काही संबंध नाही. लीथच्या नियमकर्त्यांची वारसदार असलेली एडिंबरोची गोल्फ संस्था म्यूरफील्ड येथे आहे. तिने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव २०१७ मध्ये संमत केला. आदल्या वर्षी तोच ठराव पुरेशा मतांअभावी फेटाळला गेला होता.

२०१९ च्या नियमसंहितेत शिष्टाचाराचे स्वतंत्र प्रकरण राहिले नाही. सचोटीने खेळणे, इतरांचा विचार करणे आणि मैदानाची काळजी घेणे या अपेक्षा पहिल्याच नियमात समाविष्ट झाल्या. गंभीर गैरवर्तनाबद्दल खेळाडूस स्पर्धेतून बाद करण्याचा अधिकार स्पर्धा-समितीस आहे. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणण्यात आली. टोल्यांच्या संख्येवर ठरणाऱ्या स्पर्धेत, सुरक्षितता सांभाळून, जो तयार असेल त्याने आधी खेळण्यास उत्तेजन देण्यात आले. १७४४ मधील ‘दूरच्याने प्रथम’ हा दंडक समोरासमोरच्या सामन्यांत मात्र टिकून आहे.