चुलीच्या वैलापासून गच्चीवरच्या नळ्यांपर्यंत

शिरोळमध्ये घर तापवायची रीत कधी नव्हती. पौषात पहाटे कृष्णा-पंचगंगेच्या काठावर धुकं बसतं, पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. पण नऊ-दहाला ऊन चढलं की कानटोपी निघते. एवढ्यासाठी भिंती कोण तापवणार? थंडीत इथलं जळण जातं ते आंघोळीच्या पाण्यावर. हिवाळ्याचं वीजबिल का फुगतं, हे समजून घ्यायचं तर पाणी तापवण्याच्या साधनाचाच माग काढायला हवा.

सगळ्यात जुनी सोय म्हणजे मातीच्या चुलीचा वैल. चुलीच्या तोंडावर भाकरी भाजत असताना उरलेली आच आतल्या वाटेनं शेजारच्या वैलावर जाई आणि तिथलं पाणी आपोआप गरम होई. वेगळं जळण नको, वेगळा वेळही नको. कुटुंब मोठं असलं की वैल पुरत नसे. मग परसात चुलवाण आलं. तीन बाजूंनी माती लिंपलेली आणि वर काजळी धरलेला हंडा. त्यात कढत पाणी तापायचं, बादलीत विसण घालून बेताचं करायचं.

चुलवाणात जायचं ते शेतातलं उरलेलं: शेणी, तुरकाट्या, शेंगांची फोलपटं, मक्याची बुरकुंडं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राजर्षी शाहूंनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. भोगावती पंचगंगेला मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत. पुढे धरणाच्या पाण्यानं आणि उपसा योजनांनी या पट्ट्यात ऊस वाढला. उसाबरोबर पाचट आलं. गुऱ्हाळावरचं चिपाड तर काईलीखालीच जाई. थंडीच्या पहाटे त्या चुलवाणाशेजारी हात शेकत बसण्यासारखी ऊब दुसरीकडे मिळत नसे. हे जळण फुकटचं म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. शेण गोळा करणं, थापणं, वाळवणं, पावसाआधी झाकून ठेवणं हे बायकांचं काम होतं आणि धूरही त्यांच्याच डोळ्यांत जात होता. पैसे लागत नव्हते, एवढंच खरं.

मग ज्यांना परवडलं त्यांच्या न्हाणीत तांब्याचा बंब आला. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे कारागीर पेशवाईत कोकणातून आलेले. हातोडीनं ठोकून घडवलेले त्यांचे बंब प्रसिद्ध होते. बंबाची रचना रशियातल्या सामोव्हारसारखी आहे: मधोमध उभी नळी, खाली जाळी, वर धुराडं आणि नळीभोवती पाणी. उघड्या चुलवाणात हंड्याच्या बुडाला लागते तेवढीच आच कामी येते, बाकीची बाजूनं निसटते. बंबात ज्वाळा पाण्याच्या पोटातून वर चढते, त्यामुळे नळीच्या चहूबाजूंनी उष्णता पाण्यात उतरते. तांबं उष्णता चटकन पुढे नेतं. राख जाळीतून खाली पडते आणि वारा खालून ओढला जातो. दोन-चार शेणी नि मूठभर काटक्यांत घरातल्या आंघोळी उरकतात. वरून थंड पाणी ओतलं की तोटीतून तेवढंच गरम पाणी मिळत राहतं. जळण वाचवण्याची इतकी नेटकी युक्ती आपल्या घरांत दुसरी झालेली नाही, असं मी ठामपणे म्हणेन. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चिंचेनं लख्ख घासलेल्या बंबाला हार घालत, ते अस्थानी नव्हतं.

पुढची वाटचाल भराभर झाली. रॉकेलचा स्टोव्ह, मग बादलीत सोडायची कॉइल, मग गॅसचा आणि विजेचा गीझर. जनावरं कमी झाली, घरं पक्की झाली, परस गेला. जमिनीचा कस राखायला पाचट शेतातच कुजवण्याचा सल्ला मिळू लागला, तो योग्यच आहे. बंब माळ्यावर गेला किंवा मोडीत. उबेला पहिल्यांदाच दर महिन्याचं बिल लागलं.

ते किती, याचा हिशेब सोपा आहे. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांच्या घरात रोज अडीच, महिन्याला ७५ युनिट. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांनंतर एकदम चढतो. पंखे बंद असूनही हिवाळ्यात बिल वाढतं ते यामुळे. त्यात शिरोळ तालुक्याची क्षारपड जमीन. बोअरच्या पाण्यातले क्षार गीझरच्या कॉइलवर थर धरतात. पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइलही लवकर जळते.

माझ्या दृष्टीनं बंबाचा खरा वारस गच्चीवर आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं १८९१ मध्ये काचेच्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून सौर बंबाचं पेटंट घेतलं. आजच्या काचेच्या नळ्यांत तेच तत्त्व सुधारून वापरलं आहे. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं, पंप लागत नाही. पाऊस संपल्यावर इथलं आकाश स्वच्छ असतं, म्हणजे थंडीत गरज असते तेव्हाच ऊन भरपूर. आषाढ-श्रावणात मात्र त्याचा भरवसा नाही.

तेव्हा गच्चीवर दक्षिणेकडून दिवसभर ऊन येत असेल तर सोलर बसवा. न्हाणीपर्यंतच्या नळाला उष्णतारोधक आवरण घाला, नाहीतर पहिली बादली थंडच येते. गीझरच ठेवायचा असेल तर ५०-५५ अंशांवर लावा, आंघोळी लागोपाठ उरका आणि दिवाळीआधी क्षार काढून घ्या. गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका; त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसं त्यानं दगावतात. आणि माळ्यावर आजीचा बंब असेल तर तो मोडीत घालू नका. परसात जागा नि हाताशी काटक्या असतील, तर ढगाळ दिवसांत तो आजही वापरात आणता येतो.