पान्याची पारख : डहाणू-तलासरीतील हत्यारांचा इतिहास

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत लोखंडी हत्यार पारखून घेण्याची रीत मोटारगाडीच्या कितीतरी आधीची आहे. आठवडी बाजारात आणि चैत्री पौर्णिमेला सुरू होऊन पंधरवडाभर चालणाऱ्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मी जत्रेत कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ अशी हत्यारे विकायला येतात. घेणारा पाते डोळ्यांसमोर आडवे धरून त्याचा सरळपणा पाहतो, नखाने टिचकी मारून नाद ऐकतो आणि मुठीत धरून तोल जोखतो. खणखणीत आवाज आला तर पाते एकसंध. बद्द आवाज आला तर आत चीर असण्याचा संशय. लोहाराने ‘पाणी’ कसे दिले आहे, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तापवलेले पाते पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण तेवढ्यावर थांबले तर काचेसारखे ठिसूळही राहते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. धार कडक आणि पाठ चिवट, हा समतोल साधणारा लोहार पंचक्रोशीत नावाने ओळखला जाई.

या पारखीमागे पोटाचा प्रश्न होता. डहाणू-उंबरगाव पट्ट्यातले गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी कापले जाई आणि मजुरी वजनावर मिळे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली मजुरांनी संप केला, तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही त्यांची प्रमुख मागणी होती. मजुरी अशी कामाच्या मापावर मिळत असेल, तर दर तासाला धार लावावी लागणारा विळा स्वस्त पडूनही महागच. हत्याराचे मोल दिवसभरात त्याने उरकलेल्या कामावर धरायचे, हा हिशेब इथल्या माणसाने पान्यांची पेटी बाजारात येण्याच्या फार आधी मांडला होता.

ट्रक वाढले तसे लोहाराच्या भात्यासमोर एक नवे पोलाद आले. मोडीत निघालेल्या ट्रकचा कमानपाटा, म्हणजे चाकावरचा भार झेलणारी पट्ट्यांची स्प्रिंग, चांगल्या प्रतीच्या पोलादाची असते. तिच्यापासून घडवलेला कोयता साध्या लोखंडाच्या कोयत्यापेक्षा धार जास्त टिकवतो. ‘पाट्याचा कोयता’ म्हटले की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजायला तयार होते, आणि ते योग्यच आहे.

डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर चिंचणी, वरोर या गावांत पोलादाची आणखी बारीक जाण असलेला धंदा वाढला, तो डायमेकिंगचा. सोन्याचांदीच्या दागिन्यांवर उठणारी नक्षी आधी पोलादी ठोकळ्यावर उलटी कोरावी लागते. कारागीर नरम पोलादावर छोट्या छिन्न्यांनी आणि कानशींनी फूल, पान, मणी कोरतो, मग ठोकळ्याला पाणी देऊन तो कडक करतो. पोलाद चुकीचे निघाले तर शेवटच्या टप्प्यात ठोकळा तडकतो आणि अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. या गावांत पोलादाची जात ओळखणे हे घरच्या मुलाने लहानपणीच शिकण्याचे काम आहे. महाराष्ट्रातल्या कारागिरीच्या इतिहासात या धंद्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

नटबोल्ट आणि त्यांना लागणारा पाना मात्र बाहेरून आला. मुंबई-सुरत रेल्वेमार्ग १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि डहाणूचा किनारा यंत्रांच्या जगाला जोडला गेला. पुढे चिकूच्या वाड्यांना पाणी देण्यासाठी तेलावर चालणारी इंजिने आणि पंप आले. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली स्थापन झाल्यावर देशी इंजिन बागायतदाराच्या आवाक्यात येऊ लागले. धाकटी डहाणूसारख्या कोळीवाड्यांतल्या शिडाच्या होड्यांवरही कालांतराने डिझेल इंजिन चढले. वाडीत किंवा होडीवर वापरायच्या पान्याचा पहिला शत्रू खारी हवा. ज्या पान्यावरचा मुलामा पातळ, त्याला एका पावसाळ्यात गंज चढतो आणि मुलाम्याचे पापुद्रे सुटून बोटे कापतात. किनाऱ्यावरच्या मेकॅनिकला तेल लावलेला साधा काळा पाना चकचकीत पण हलक्या मुलाम्याच्या पान्यापेक्षा बरा वाटतो, यात नवल नाही.

खरा गोंधळ मापांचा होता. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टची जाडी सांगे, नटाची रुंदी नव्हे. अमेरिकन पद्धतीत इंचातलाच आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर दाखवी. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, ते जर्मन वळणाचे, मिलिमीटरमधले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर टाटाचा ट्रक, महिंद्रची विलीज जीप आणि हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर एकामागून एक धावत. म्हणजे चारोटी, तलासरी किंवा आच्छाडच्या नाक्यावर गॅरेज थाटणाऱ्याला मिलिमीटर आणि इंच असे दोन्ही संच बाळगणे भाग होते. देशात दशमान मापे आणणारा कायदा १९५६ साली झाला, तरी जुन्या गाड्यांचे नट काही कायद्याने बदलणार नव्हते.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटावर १३चा पाना बसतो, पण किंचित सैल. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर; त्यावर १९चा पाना बहुधा चालून जातो. आणि ९/१६ इंच, म्हणजे १४.२९ मिलिमीटर, याला १४ चढत नाही आणि १५ गरागरा फिरतो. इंचाच्या नटाला मिलिमीटरचा पाना लावून कोपरे गोल केलेले नट जुन्या जीपवर हमखास आढळत. त्यात पान्याचा जबडाही मऊ पोलादाचा असला, की तो फाकून नटाचे उरलेसुरले कोपरे घेऊन जाई. मग छिन्नी-हातोडीने नट फोडण्यावाचून इलाज नसे. स्वस्त पान्याचा खरा खर्च असा दुसऱ्याच्या गाडीवर निघतो.

देशी पान्यांची बाजू साठ-सत्तरच्या दशकांत सावरली. टपारिया टूल्सने स्वीडनमधल्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ साली उत्पादन सुरू केले आणि नाशिक हे पक्कड-पान्यांसाठी ओळखीचे नाव झाले. पंजाबात जालंधर आणि लुधियाना इथे लहान कारखान्यांचे जाळे पसरले; १९८३ साली जालंधरला हत्यारांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. भारतीय मानक संस्थेने दुतोंडी पान्यांसाठी आयएस २०२८, रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ आणि पकडीसाठी आयएस ३६५० ही मानके ठरवून दिली. त्यामुळे मालावर कोरलेला एक आकडा वाचून निदान किमान कसोटीची खात्री करता येऊ लागली. डहाणूचा मेकॅनिक रेल्वेने मुंबईला जाऊन नागदेवी स्ट्रीटवर माल घेई. तलासरीकराला तर राज्याच्या हद्दीपलीकडचे, १९६७ नंतर औद्योगिक वसाहत झालेले वापी जवळच होते. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा असे करत वीस-बावीसपर्यंतचे आठ दुतोंडी पाने हा गॅरेजचा पाया ठरला. आजही नवा पोऱ्या कामाला लागला की ‘दहा-अकरा दे’, ‘बारा-तेरा दे’ याच हाकांनी त्याचे शिक्षण सुरू होते.

१९८३च्या डिसेंबरात मारुती मोटार आणि १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० मोटारसायकल या जपानी वळणाच्या गाड्या आल्या, आणि कोणता पाना जास्त झिजणार हेही बदलले. जर्मन वळणाच्या गाडीत आठ मिलिमीटर बोल्टचे डोके १३चे, दहाच्या बोल्टचे १७चे. जपानी गाडीत तेच अनुक्रमे १२चे आणि १४चे. तेरा मागे पडला, बारा आणि चौदा पुढे आले. मोटारसायकल पाड्यापाड्यांत पोचल्यावर तर दहा, बारा, चौदा, सतरा या चार मापांवरच बरेचसे काम चालू लागले. संच पारखताना ही चार मापे आधी तपासावीत, बाकीची नंतर.

२००१ साली आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि त्याच वर्षअखेर चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्यानंतर प्लास्टिकच्या पेटीतले स्वस्त गोटी (सॉकेट) संच तालुक्याच्या दुकानांतच नव्हे, तर रस्त्याकडेच्या पथारीवरही मांडले गेले. गोटी आणि दांडा वेगळे ठेवण्याची कल्पना मुळात काटकसरीची. अमेरिकेत १९२०च्या सुमारास स्नॅप-ऑनने पाच दांडे आणि दहा गोट्या एकमेकांना जुळतील असा संच विकला, तो पन्नास पान्यांचे काम करतो या बोलीवर. आजच्या स्वस्त पेटीत मात्र आकडा नगांचा फुगवलेला असतो. सर्वत्र दिसणारी ४६ नगांची पेटी घेतली तर त्यात गोट्या साधारण तेराच, चार ते चौदा मिलिमीटरच्या. उरलेल्यांत बहुतेक पेचकसाची टोके आणि छोट्या ॲलन चाव्या. मोटारसायकलच्या चाकाला लागणारे १७ आणि १९ तीत नाहीत. स्प्लेंडर मोटारसायकलच्या स्पार्क प्लगला लागणारा १६ही नाही. शिवाय तिचा दांडा पाव इंची चौकोनाचा. मडगार्ड, बॅटरी, दिव्याची चौकट यांसाठी तो पुरतो. चाकाच्या नटावर पाइप घालून दाबला तर त्यातल्या रॅचेटचे, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या चक्राचे, दात जातात. जड कामाला अर्ध्या इंचाचा दांडाच हवा. पेटीवर नग किती लिहिले आहेत, यापेक्षा त्यातले आपल्या गाडीला किती लागतात, हे मोजून दर काढावा.

पेटी उघडून पाहण्यासारख्या गोष्टी फार नाहीत, पण त्या टाळू नयेत. रॅचेट कानाजवळ धरून सावकाश फिरवावे. टकटक एकसारखी हवी, मध्येच घसरता कामा नये. गोटी नव्या नटावर चढवून हलवून पाहावी. जितकी हालचाल जास्त, तितका नट लवकर गोल होणार. सहा कोनांची गोटी नटाच्या बाजूंना भिडते. बारा कोनांची अडचणीच्या जागी लवकर बसते, पण गंजलेल्या नटावर घसरते. म्हणून खाऱ्या हवेतल्या कामाला सहाकोनी घ्यावी. पक्कड मिटून उजेडासमोर धरली असता कापणाऱ्या धारेतून प्रकाश दिसू नये. घडाई झालेल्या पान्याच्या कडेला साच्याच्या जोडाची घासून साफ केलेली रेघ असते. ओतीव मालाचा पृष्ठभाग खरखरीत आणि बारीक छिद्रांचा. कानस हळूच फिरवून पाहणे ही आयटीआयच्या फिटरची जुनी परीक्षा आहे. ती सहज खोल रुतली, तर पोलाद मऊ. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हा शिक्का डोळ्यांनी पडताळता येत नाही आणि तो हलक्या मालावरही मारला जातो, त्यामुळे त्यावर दर ठरवू नये. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले दिसले, तर तो माल घेऊच नये.

घरची मोटारसायकल किंवा वाडीतला पंप सांभाळणाऱ्याला स्वस्त पेटी घ्यायला हरकत नाही. तिच्या जोडीला दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा आणि अठरा-एकोणीस हे पाच पाने मानकाचा आकडा असलेले घ्यावेत. नाक्यावर गॅरेज टाकणाऱ्याने मात्र पेटीच्या वाटेला जाऊ नये. आठ दुतोंडी पाने, तेवढेच रिंग पाने, अर्ध्या इंचाचे एक खात्रीचे रॅचेट आणि लागतील तशा सुट्या गोट्या, या क्रमाने घेतलेली हत्यारे सावकाश जमतात, पण त्यातला एकही नग पडून राहत नाही.